श्वास रोखायला सांगायची नोकरी

हृदयाचा एमआरआय काढायचा तर माणसाला श्वास सोडून गप्प पडून राहावं लागतं. कधी घ्यायचा, कधी सोडायचा, कधी थांबायचं हे बाहेरच्या खोलीतून माईकवर सांगतात. ते सांगणारा माणूस मी होतो. मशीन चालवणारी वेगळी, फोटो वाचणारी वेगळी. मी नुसता बोलायचो. "साँस लीजिए. छोड़िए. रोकिए." आणि मशीनची खडखड थांबली की, "अब लीजिए." हे शेवटचं सांगायला एकदा मला जरा उशीर झाला, तर आतून एक रिटायर फोरमन ओरडला, "अरे, ज़िंदा छोड़ोगे कि नहीं?"

भोपाळच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकबाई घरी आल्या. मी म्हटलं, बाई, माझी शाळा सातवीपर्यंत, ती पण मास्तरांनी ढकलली म्हणून. त्या म्हणाल्या, "काका, बोलता तसंच लिहा." बोलायला आता घरात कोणी राहिलं नाही. मंदा, माझी बायको, गेली. तेव्हा म्हटलं, चला, कागदाशीच बोलू. शुद्धलेखनाचं बाईंनी बघावं.

अमरावतीकडून मी भोपाळला आलो तो कारखान्यात खलाशी म्हणून. खलाशी म्हणजे बोटीवरचा नव्हे. उचल म्हटलं की उचलायचं, धर म्हटलं की धरायचं, त्याला कारखान्यात खलाशी म्हणतात. आमच्या शॉपमध्ये, म्हणजे खात्यात, घण पडायचे. शेजारच्या माणसाला चहा प्यायला चल म्हणायचं तरी बोंबलावं लागायचं. तिथं माझा गळा तयार झाला आणि बाकीच्यांचे कान गेले. पुढे पाठ धरली म्हणून मला टाउनशिपच्या दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत टाकलं. पेशंटला उभं करा, वळवा, आडवं करा. लोखंड उचलण्यापेक्षा सोपं, फक्त लोखंड कण्हत नाही.

रिटायर झालो आणि घरी बसलो. मंदा म्हणाली, "दिवसभर माझ्या मागे मागे फिरू नका, कुठंतरी कामाला लागा." तेवढ्यात आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर तिवारी मॅडमनी दोघातिघांत मिळून एमआरआयचं सेंटर काढलं, त्यांनी मला बोलावून घेतलं. काम तेच, आडवं करण्याचं. पण पहिल्याच महिन्यात एक अडचण आली. मशीन चालवणारी शबाना, पोरगी हुशार, पण आवाज असा की देवघरात बोलतेय. पेशंट अर्धेअधिक आमच्याच कारखान्यातले म्हातारे. ती म्हणायची, "अंकल, साँस रोकिए," आणि अंकल आत मजेत श्वास घेत पडलेले. एकदा वैतागून मी माईक ओढला आणि ओरडलो. अंकलनी श्वास रोखला तो रोखलाच. त्या दिवसापासून माईक माझा.

आता मशीनचं सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं एमआरआय म्हणजे मोठा एक्स-रे. तसं नाही. आडव्या ठेवलेल्या नळकांड्यासारखं दिसतं ते, आणि ते सगळं एक लोहचुंबक आहे. हा चुंबक कधी बंद होत नाही. लाइट गेली, मशीन गप्प बसलं, कुत्रं पण नाही तिथं, तरी चुंबक जागा असतो. म्हणून आत जाताना अंगावर लोखंडाचा कण चालत नाही. घड्याळ, किल्ल्या, पट्टा, कवळी, सगळं बाहेर. आणि आपल्या मराठी बायकांच्या सेफ्टी पिना! बाकीच्या बायकांना विचारलं, काही राहिलं का, तर नाही म्हणतात आणि खरंच नसतं. मराठी बाई नाही म्हणते आणि तिच्या परकराच्या नाडीशी एक, बांगडीत दोन आणि मंगळसूत्रात अडकवलेली एक निघते. एका प्रोफेसरीणबाईंची पिन माझ्या डोळ्यांदेखत उडाली आणि टुण्‌कन मशीनच्या तोंडाला जाऊन चिकटली. बाई म्हणतात कशा, "ही माझी नाहीच!"

हे मी घरी सांगायचो आणि मंदा हसायची. हसून थांबली नाही. तिने सेंटरसाठी गाऊन शिवले, हुक नाही, बटण नाही, नुसते कापडी बंद. कापड जवाहर चौकातून स्वतः निवडून आणलं. बाजारच्या गाऊनमध्ये जाड बाई मावत नाही आणि बारीक बाई हरवते, असं तिचं म्हणणं. मॅडमना ते इतके आवडले की बाजारचे बंदच केले.

कारखान्यातला माणूस आला की आमच्याकडे एक प्रश्न जास्तीचा असायचा. ग्राइंडिंगवर होतात का? लेथवर होतात का? कारण उडालेला लोखंडाचा कण डोळ्यात जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. चुंबकाजवळ गेला की तो हलतो, आणि मग डोळ्याचं काय होईल ते मी लिहीत नाही. म्हणून आधी डोळ्याचा एक्स-रे. बरखेड्याचे वर्माजी नावाचे एक जुने टर्नर आले होते, ते यावरून भांडले. "मेरी आँख से मैं सुई में धागा डालता हूँ!" मी म्हटलं, घाला, पण आधी एक्स-रे. निघाला कण. चांगला तिळाएवढा दिसत होता. वर्माजी फिल्म उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले आणि मला हळूच म्हणाले, "ये तो कारख़ाने का माल है. लौटाना पड़ेगा क्या?"

अशी गिऱ्हाइकं. अशोका गार्डनचे करीमचाचा सायकलवाले तर माझे दोस्तच झाले. त्यांना हृदयासाठी पाठवलं होतं. तोंडात पान. म्हटलं, थुंका. थुंकले. आत घातलं. मी माईकवर साँस रोकिए म्हटलं तर आतून भोपाळी थाटात उत्तर आलं, "को ख़ाँ, ज़िंदगी भर बेगम ने बोलने नहीं दिया, अब तुम साँस भी नहीं लेने दोगे?" तो फोटो गेला. परत काढला.

कारण हृदय हे फार चंचल गिऱ्हाईक. गुडघ्याचा फोटो काढायला सोपा, गुडघा जागेवर असतो. हृदय धडधडणार, वर छाती हलणार, म्हणजे हलत्या झोपाळ्यावर बसलेल्या नाचऱ्या पोराचा फोटो काढायचा. पोराला नाच थांबव म्हणता येत नाही. निदान झोपाळा तरी थांबवायचा, म्हणून श्वास सोडून थांबायचं. छातीला चिकटवलेल्या तारांवरून मशीन ठोक्याचा ताल धरतं आणि तुकड्या-तुकड्याने फोटो घेतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हसला, खोकला, बोलला की तो तुकडा पुसट. पुसट फोटो बघून मोठा डॉक्टर पण ज्योतिषीच होतो.

एवढा खटाटोप कशाला? साध्या इकोत दिसत नाही का? पुष्कळदा दिसतं. पण सुरुवात नाही दिसत. मला तिवारी मॅडमनी एकदा पडद्यावर दाखवलं ते सांगतो. हृदय नुसतं दाबलं जात नाही, पिळलं जातं. बायका ओलं लुगडं पिळतात, एक टोक इकडे, एक टोक तिकडे, तसं. त्यातून रक्त बाहेर पडतं. हृदयाचा स्नायू बिघडायला लागला की रक्त फेकणं सुरुवातीला कमी होत नाही, ते भरून काढतं बिचारं. आधी पीळ सैल होतो. तो पीळ बघायला मशीन हृदयाच्या फोटोवर काळ्या रेघांच्या चौकड्या आखतं, टॉवेलावर असतात तशा. चांगल्या हृदयात प्रत्येक ठोक्याला चौकड्या आवळतात, तिरप्या होतात, परत सरळ होतात. बिघडायला लागलेल्यात कुठंतरी चौकड्या आळसावतात. रेघ नुसती पडून राहते. माणूस बाहेर हिंडत असतो, जिना चढत असतो, आणि आत रेघ आळसावलेली. हे लवकर कळलं तर गोळ्यांनी सावरतं. उशिरा कळलं तर मग ते लुगडं कोणी पिळू शकत नाही.

हे सगळं मला असं पाठ होतं. आणि मग मंदाला गाठ निघाली.

छातीत. ऑपरेशन झालं. मग सलाइनमधून औषध द्यायचं ठरलं, लालभडक, सरबतासारखं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं, औषध जालीम आहे, कामाचं आहे, पण काहीजणांच्या हृदयाला धरतं. औषधाच्या काही बाटल्या झाल्या आणि मंदा दमायला लागली. कणीक मळताना थांबायची. मी विचारलं की म्हणायची, "केस गेले, चव गेली, आता दमले तर काय नवल?" इको केला, ठीक आला. डॉक्टरांचं समाधान होईना. त्यांनी मला समोर बसवून सरळ सांगितलं. हृदय चांगलं असेल तर हेच औषध पुढे द्यायचं, कारण गाठीवर याच्यासारखं दुसरं नाही. हृदय बिघडायला लागलं असेल तर हे थांबवायचं, दुसरं द्यायचं, आणि हृदयाच्या गोळ्या सुरू करायच्या. उगाच थांबवलं तर कॅन्सर मोकाट. उगाच चालू ठेवलं तर हृदय जातं. "एमआरआय साफ़ आना चाहिए, तभी मैं बता पाऊँगा," ते म्हणाले.

साफ यायला पाहिजे. म्हणजे माझ्याच हातात आलं की. आजवर कितीतरी लोकांचे श्वास मी रोखले, पार बहिऱ्यांचे, भित्र्यांचे, एका आमदाराच्या सासऱ्याचा सुद्धा. घरची बाई काय अवघड आहे?

मंदा आली ती घरूनच गाऊन घालून, वर साडी गुंडाळून. "बंद मीच शिवलेत, मला बांधायला कोणी शिकवू नका." मंगळसूत्र, जोडवी काढून माझ्या हातात दिली. पिन एक पण नाही, हे मुद्दाम लिहितो. शबानाने तारा चिकटवल्या, कानावर हेडफोन लावले, आणि तिला आत सरकवलं. मी काचेबाहेर माईकपाशी बसलो. शेजारी तिवारी मॅडम, मागे शबाना. सगळ्यांसमोर बायकोशी बोलायचं म्हणून मी जरा सावरून बसलो आणि म्हणालो,

"मंदाकिनीजी, साँस लीजिए."

आतून खुदकन आवाज.

"छोड़िए. रोकिए."

खळखळून हसली. पोट हलताना काचेतून दिसत होतं. फोटो पुसट.

परत केलं. "मंदाकिनीजी, कृपया हँसिए मत." झालं, त्या 'कृपया'ने तर घात केला. मॅडम म्हणाल्या, होतं असं, आणखी एकदा. आणखी एकदा पण तेच. ती दमली की तिला श्वास रोखताच येणार नव्हता, आणि दमत तर ती चालली होती. आमच्या स्पीकरवर हसण्याच्या मधेच तिची धाप ऐकू यायला लागली.

मॅडम म्हणाल्या, "अंकल, आप रहने दीजिए. शबाना बोलेगी."

शबानाने माईक घेतला. तिचा आवाज मंदाला ऐकू आला, तिचे कान शाबूत होते. श्वास घेतला, सोडला, थांबली. मशीन खडखडायला लागलं आणि मधेच आतून, "अहो! तुम्ही गेलात का कुठे?"

तो पण पुसट.

मॅडम म्हणाल्या, आज राहू द्या, दुसऱ्या दिवशी झोपेचं औषध देऊन बघू. पण झोपलेल्या माणसाला श्वास रोखायला कोण सांगणार? आणि मधले दिवस? पुढच्या लाल बाटलीची तारीख ठरलेली होती. ती द्यायची की नाही, ते कोणाला विचारायचं?

मी शबानाच्या हातातून माईक घेतला. आता खरं सांगायचं तर मला राग आला होता, आणि राग आला की मी सावरून बोलत नाही.

"अगं ए! खिदळणं बंद कर. इथं माणसं कामाला बसलीत तुझ्यासाठी. घे श्वास. घे म्हणतोय ना! सोड. सगळा सोड. आता गप पड, हलशील तर बघ."

गप पडली. दगडासारखी. मशीन खडखडलं, थांबलं.

"घे आता."

पडद्यावर फोटो उमटला, आरशासारखा. शबानाने तोंडावर ओढणी धरली होती. मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या, "अंकल, ऐसे ही बोलिए."

मग मी तसाच बोलत गेलो. घे, सोड, गप. घे, सोड, गप. मधे एकदा ती आतून म्हणाली, "पाय अवघडला," तर मी म्हटलं, "पाय नंतर बघू, मला काळीज पाहिजे." शबाना हसू दाबत उठून बाहेरच गेली, मशीनवर मॅडम बसल्या. दार उघडं राहिलं होतं. बाहेर बाकावर करीमचाचा आपल्या तपासणीसाठी आलेले. ते डोकं आत घालून मला म्हणाले, "को ख़ाँ, इतना डाँटोगे तो जिसका दिल ठीक है उसका भी बैठ जाएगा!" त्यांच्या शेजारच्या बाईंनी तर मॅडमकडे तक्रार केली, तुमच्याकडे लेडीज पेशंटशी असं बोलतात का म्हणून. मॅडमनी सांगितलं, ते नवरा आहेत. बाई म्हणाल्या, "मग तर आणखीनच वाईट." बरोबरच होतं त्यांचं.

शेवटी चौकड्यांचे फोटो आले. मॅडम ते पुढे नेत होत्या, मागे आणत होत्या. मला त्यांची सवय ठाऊक. सगळं ठीक असलं की त्या लगेच चहा मागवतात. चहाचं नाव निघेना. मी बघतच होतो. मंदाचं हृदय पडद्यावर धडधडत होतं. इतक्या वर्षांचा संसार, पण ते बघायची वेळ कधी आली नव्हती. आवळत होतं, सुटत होतं, चांगलं दिसत होतं मला. मग मॅडमनी एका बाजूला बोट ठेवलं. तिथल्या रेघा पडून होत्या.

"शुरुआत है," मॅडम म्हणाल्या. "अच्छा हुआ अभी दिख गया."

घरी जाताना स्कूटरवर मागे मंदा बसलेली. मी विचारलं, हसत काय होतीस एवढी? तर म्हणाली, "लग्नापासून तुम्ही मला कधी 'लीजिए' म्हणाला नाहीत. 'जी' तर सोडाच. मला वाटलं, डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय ही काही वाचत नाही, म्हणून एवढं गोड बोलताय. भीती वाटली की मला हसूच येतं, तुम्हाला माहीत नाही का?" मला खरंच माहीत नव्हतं. मग म्हणाली, "तुम्ही ओरडलात तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, अजून तसं काही नाही."

लाल औषध थांबलं. दुसरं सुरू झालं, सौम्य. हृदयाच्या गोळ्या लागल्या. काही महिन्यांनी परत एमआरआय केला. या वेळी मी सुरुवातीपासूनच खेकसलो, ती पण आतून उलट बोलत होती, पण फोटो घेताना नाही. पडलेल्या रेघा उठल्या होत्या. मॅडमनी चहा मागवला, बिस्किटांसकट. मंदा परत कणीक मळायला लागली, परत माझ्यावर ओरडायला लागली. मंडळाच्या हळदीकुंकवाला गेली, तिथं सगळ्या बायकांना सांगून आली की एमआरआयला जाताना पिना घरी ठेवा. काही वर्षं मिळाली आम्हाला. चांगली मिळाली.

मग कॅन्सर परत आला, हाडांत. मी डॉक्टरांना विचारलं, ते लाल औषध पूर्ण दिलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी मॅडमना विचारलं. त्यांनी पण तेच सांगितलं. ज्याला विचारावं तो तेच सांगतो, आणि खरं पण तेच असणार. तरी मी अजून विचारतो. दुपारी जेवून पडलो की विचारतो.

शेवटचे दिवस ती दवाखान्यात होती. बोलणं थांबलं, खाणं थांबलं, मूत्रपिंडं थांबली. डॉक्टर सकाळी म्हणत संध्याकाळपर्यंत बघू, संध्याकाळी म्हणत सकाळपर्यंत. ती राहायचीच. लोक भेटून जायचे, परत यायचे. मला कधी वाटायचं हे हृदय सावरून आपण बरं केलं, कधी वाटायचं कशाला केलं, सुटली असती. दोन्ही एकाच तासात वाटायचं. लाज वाटत नाही मला हे लिहायला. ज्याने असं माणूस बघितलंय त्याला कळेल.

तिथली नर्स केरळची होती, हिंदी तिची मोडकी. तिने नाडी धरली, मशीनकडे बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, माताजी का दिल बहुत मज़बूत है."

मी म्हटलं, "हाँ. देखा है मैंने."